वजावट गाडीवाल्याची, भरपाई जखमीची

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मागच्या पावसाळ्यात एका कारने धडक दिली. मांडीचे हाड मोडले, दोन ऑपरेशन्स झाली, तीन महिने धंदा बंद. कारवाला दवाखान्यात येऊन भेटून गेला. माणूस वाईट नव्हता. पण त्याने घरच्या मंडळींना समजावले ते असे : "माझ्या पॉलिसीत पंधरा हजारांचं डिडक्टिबल आहे. पहिले पंधरा हजार कंपनी देतच नाही. म्हणजे तुम्हाला मिळणार त्यातून तेवढे कापले जातील, उरलेल्यासाठी कोर्टात चकरा. त्यापेक्षा मी वीस हजार रोख देतो, कागदावर सही करा." विद्यार्थ्याची आई तो कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण शाळेत अर्ज-फाटे लिहून देणारा म्हणून माझी ओळख आहे. सही अजून झाली नव्हती, अलहम्दुलिल्लाह.

तो कारवाला खोटे बोलत नव्हता. त्याच्या पॉलिसीत पंधरा हजारांची वजावट खरोखर लिहिलेली होती. फक्त ती कुणाला लागू होते, हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या घरांमध्येही बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून हा लेख.

गाडीची पॉलिसी हा एकच कागद असला तरी त्यात दोन वेगळे करार असतात. पहिला 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान. दुसरा 'थर्ड पार्टी', म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा, मृत्यू किंवा मालमत्तेचे नुकसान. डिडक्टिबल ही फक्त पहिल्या भागातली गोष्ट आहे. बंपर फुटला, दरवाजा दबला, गॅरेजचे बिल अठरा हजार झाले, तर त्यातील ठरलेली रक्कम मालकाने भरायची आणि बाकी कंपनीने. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला सक्तीची वजावट १,००० रुपये आहे, त्याहून मोठ्या इंजिनाला २,००० रुपये, दुचाकीला १०० रुपये. याशिवाय हप्ता कमी व्हावा म्हणून मालक आपल्या खुशीने जास्त वजावट घेऊ शकतो. २,५०० पासून १५,००० रुपयांपर्यंतचे पर्याय असतात. आमच्या त्या कारवाल्याने हेच केले होते. हप्त्यात सवलत त्याने घेतली, तेव्हा त्याचा भारही त्याच्याच बंपरवर. दुसऱ्याच्या मांडीच्या हाडाशी त्याचा काही संबंध नाही.

उर्दूत वजा करण्याला 'मिनहा' म्हणतात. अरबीतून आलेला शब्द, अर्थ 'त्यातून'. मुलांना शिकवताना मी नेहमी विचारतो, कशातून मिनहा? विम्याच्या बाबतीत हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

थर्ड पार्टीच्या भागाचा हिशेब अगदी वेगळा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाही. पहिल्यांदा पकडले तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. माणसाच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल कंपनीची जबाबदारी रकमेने मर्यादित नाही. न्यायाधिकरण जेवढी भरपाई ठरवेल तेवढी कंपनीने द्यायची. मालक आणि कंपनी यांच्यात जे काही आपसात ठरले असेल, ते जखमीच्या आड येत नाही. चालकाकडे लायसन्स नव्हते अशा प्रकरणांतही न्यायालये अनेकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात.

आपल्या जिल्ह्याला हे समजून घेण्याची गरज जरा जास्तच आहे. हिंगणघाटवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, नागपूर–तुळजापूर मार्ग वर्ध्याला लागून जातो आणि ११ डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही आपल्या शेतांमधून धावतो आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्यांत वर्ध्याचेही होते. तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख जाहीर झाले. पुष्कळांना वाटते की हीच भरपाई. नाही. ती सानुग्रह मदत. भरपाई हा हक्क असून तो वेगळा मागावा लागतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. आपल्या जिल्ह्यासाठी ते वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात चालते. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी दावेदार जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो, ही सोय कायद्यातच आहे. बुलढाण्याला किंवा नागपूरला खेटे घालण्याची गरज नाही.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे आपली माणसे डिडक्टिबलपेक्षा कितीतरी मोठा फटका खातात. ती म्हणजे आपल्याच गाडीत बसलेली माणसे. २०२२ च्या जानेवारीत देवळी रस्त्यावर सेलसुरा येथे पुलावरून कार कोसळली आणि सात वैद्यकीय विद्यार्थी जागीच गेले. सगळा जिल्हा हळहळला. त्या गाडीच्या पॉलिसीविषयी मला काही म्हणायचे नाही. पण आपण आपल्या घरचा विचार करावा. खासगी कारची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल आणि गाडी स्वतःच्या चुकीने झाडावर आदळली, तर आत बसलेले मेहमान, मामू, खाला, शेजारी हे त्या पॉलिसीत येत नाहीत. मोटारसायकलवर मागे बसलेल्याचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बाळकृष्णन यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो ती असेल, तर गाडीतील प्रवाशांची जबाबदारीही कंपनीवर येते. जुन्या गाडीला "आता काय फुल करायचं, थर्ड पार्टीच काढ" असे आपण एजंटला सहज म्हणतो. गाडीची किंमत दीड लाख राहिली म्हणून तसे म्हणतो. आत बसणाऱ्यांची किंमत त्यात धरत नाही.

मालवाहू गाडीचे तर याहून वाईट. गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्यावर जाताना, वलीम्याला, किंवा नागपूरला ताजबागच्या उर्साला मोहल्ल्यातील बायका-मुले छोट्या टेम्पोत भरून निघतात. भाडे स्वस्त पडते. ती गाडी मालासाठी नोंदलेली असते. फुकट किंवा भाड्याने बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी त्या विम्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे वीस वर्षांपूर्वीच सांगितले आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस एवढाच अपवाद. गाडी उलटली तर दावा मालकावर चालतो, आणि टेम्पोच्या मालकाकडे टेम्पोशिवाय काय असते?

आणखी एक फट आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवी कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पाच वर्षे काही बघावे लागत नाही, म्हणून सहाव्या वर्षीही कुणी बघत नाही. मोहल्ल्यात उभ्या असलेल्या दहा गाड्यांचे कागद तपासा, त्यात किती संपलेले निघतात ते पाहा. विमा नसलेल्या गाडीने कुणाला धडक दिली, तर भरपाईची पूर्ण रक्कम मालकाने भरायची. घर, प्लॉट, पगार, सगळ्यावर वसुली येऊ शकते. अशा वेळी हजार रुपयांच्या डिडक्टिबलची चर्चा म्हणजे जखम एकीकडे आणि मलमपट्टी दुसरीकडे. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही असते, लायसन्स चालू असेल तर. एजंटने ते घेतले की वगळले, हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर दिसते.

मग भरपाईतून काहीच कापले जात नाही का? कापले जाते, पण वेगळ्या कारणाने. मृत्यूच्या दाव्यात कमावत्या माणसाच्या उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा होतो, कारण तो हयात असता तर तेवढे स्वतःवर खर्च केलेच असते. २००९ मधील सरला वर्मा निकालाने हे प्रमाण ठरवले. अविवाहित असेल तर साधारण निम्मे, अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. जखमीच्या दाव्यात मात्र ही वजावट नाही. तो माणूस जिवंत आहे, त्याला जेवायचे आहे, त्याचे पोट कशातून मिनहा करणार?

जखमी माणसाची स्वतःची चूक किती, हे मात्र पाहिले जाते. तीस टक्के चूक त्याची ठरली तर भरपाई तीस टक्क्यांनी कमी होते. इथे कंपनीचे वकील हमखास म्हणतात, दुचाकीवर तिघे बसले होते, चूक त्यांचीच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिघे बसले होते एवढ्याने चूक सिद्ध होत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते. याचा अर्थ तिघांनी बसावे असा कुणी काढू नये. नियम मोडला तर दंड होतोच.

रक्कम किती होऊ शकते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, ३२ वर्षांचा एक मेकॅनिक आहे, महिना १५,००० कमावतो. पाय असा गेला की काम करण्याची त्याची ताकद ३० टक्क्यांनी कमी झाली. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याच्या उत्पन्नात पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. त्याच्या वयाला गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. त्याचे ३० टक्के १२,०९,६००. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, यातना, सोबत राहणाऱ्याचा खर्च हे सगळे याशिवाय. आता या रकमेशेजारी त्या कारवाल्याचे वीस हजार ठेवून बघा.

यात डॉक्टरांच्या टक्केवारीबद्दल एक सूचना. प्रमाणपत्रावर लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितले आहे. एक हात गेलेला सुतार आणि एक हात गेलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते. सुताराचा धंदाच जातो. म्हणून आपला माणूस नेमके काय काम करत होता, याचा पुरावा जमवावा : दुकानाचा परवाना, मालकाचे पत्र, बँकेचे पासबुक, सोबतच्या कारागिराची साक्ष. आपल्याकडे वेल्डर, शिलाईवाले, हमाल, फळविक्रेते जास्त आणि पगारपत्रक कुणाकडेच नाही. पगारपत्रक नाही म्हणून दावा बसत नाही, असे नाही. गृहिणीच्या कामाचीही किंमत न्यायालये धरतात. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितले आहे, त्यामुळे "अम्मी तर काही कमावत नव्हती" म्हणून अर्ज करायचे टाळू नये.

आता आरोग्य विमा. इथे मात्र डिडक्टिबल जखमीच्या अगदी खिशापर्यंत येते. हल्ली पुष्कळ घरांत मेडिक्लेम असतो, वर एखादी टॉप-अप पॉलिसी. टॉप-अपमध्ये समजा तीन लाखांचे डिडक्टिबल आहे, तर पहिले तीन लाख तुमच्या मूळ पॉलिसीतून किंवा तुमच्या खिशातून, त्यावरचे टॉप-अपमधून. अपघातानंतर सावंगीला किंवा सेवाग्रामला माणूस दाखल झाला, बिल साडेचार लाख झाले, त्यातील काही मेडिक्लेमने दिले, काही आपण उसनवारीने भरले. मग दावा दाखल झाल्यावर समोरच्या गाडीची विमा कंपनी म्हणते, तुम्हाला मेडिक्लेम मिळाला आहे, तेवढा वजा करा, एकाच बिलाचे दोनदा पैसे कसे?

या प्रश्नावर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात वेगवेगळी मते होती. शेवटी प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठापुढे गेले आणि २८ मार्च २०२५ रोजी उत्तर मिळाले : मेडिक्लेमची मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. कारण साधे आहे. मेडिक्लेम हा जखमीने स्वतः हप्ते भरून केलेला करार आहे. त्याच्या दूरदृष्टीचा फायदा धडक देणाऱ्याने का घ्यावा? याची मुळे १९९८ च्या हेलन रिबेलो निकालात आहेत. तेही महाराष्ट्रातलेच प्रकरण, समोर एसटी महामंडळ होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून कापू नये असे ठरवले होते.

तेव्हा मेडिक्लेम मिळाला तरी उपचाराचा पूर्ण खर्च दाव्यात मांडता येतो, आणि डिडक्टिबलपोटी आपण खिशातून भरलेले पैसेही त्यात येतात. एक व्यवहारी अडचण तेवढी आहे. मेडिक्लेमवाले मूळ बिले ठेवून घेतात. ती देण्याआधी प्रत्येक कागदाची प्रत काढावी, त्यावर दवाखान्याचा किंवा कंपनीचा शिक्का घ्यावा. औषधाच्या दुकानाच्या छोट्या पावत्यांवरची शाई सहा महिन्यांत उडून जाते, त्यांची झेरॉक्स आधी. आणि मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, त्यात रस्ते अपघातातील जखमीला पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत उपचार मिळतात. दाखल करतानाच विचारावे.

मोबाईलवर डिडक्टिबलचे जे व्हिडिओ फिरतात, ते बहुधा अमेरिकेचे असतात. तिथे काही राज्यांत जखमीने आधी आपल्याच गाडीच्या विम्याकडे उपचाराचे पैसे मागायचे असतात. म्हणून तिथे डिडक्टिबल जखमीला लागते. ते पाहून आपला हक्क सोडू नये.

विमा शरीअतीत बसतो का, हा प्रश्न आपल्या घरांत निघतोच, तो टाळून पुढे जाणे बरे नाही. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विम्यातील गरर, म्हणजे अनिश्चितता, यामुळे तो नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्याच्या विम्याचा पर्याय सुचवला. थर्ड पार्टी विमा मात्र कायद्याची सक्ती आहे, म्हणून अनेक उलमा त्याला मजबुरी मानून मुभा देतात. मला स्वतःला इथे 'आकिला' आठवते. चुकून कुणाचा जीव गेला तर दियत द्यावी, हा हुकूम सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत आहे. फिकहमध्ये त्या दियतीचा बोजा एकट्या गुन्हेगारावर न टाकता त्याच्या आकिलावर, म्हणजे त्याच्या गोतावळ्यावर वाटून टाकला आहे, जेणेकरून मयताच्या घराला पूर्ण रक्कम मिळावी आणि चूक करणारा भिकेला लागू नये. मी मुफ्ती नाही, दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. पण भरपाई घेणे म्हणजे मरहूमची किंमत वसूल करणे, असे समजून जे लोक संकोच करतात, त्यांनी एकदा दियतीचा बाब वाचावा. निकालात भरपाईवर व्याज मिळते, त्याचे काय करावे हे मात्र आपापल्या आलिमांना विचारावे.

शेवटची बाब मुदतीची. आपल्या घरांत ती वेगळ्याच कारणाने हुकते. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याचा नियम लागू आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. पती अपघातात गेला तर बेवेची इद्दत चार महिने दहा दिवस. चंद्राच्या महिन्यांनी हे सुमारे १२८ दिवस होतात. सहा महिन्यांतून ते गेले की हातात जेमतेम पावणेदोन महिने उरतात, आणि गरोदर असेल तर इद्दत बाळंतपणापर्यंत. घरातले म्हणतात, इद्दत होऊ दे, मग बघू. मग बघताना कळते की एफआयआरची प्रत आणलेली नाही, पंचनामा घेतलेला नाही, पोस्टमॉर्टेमचा अहवाल पडून आहे, समोरच्या गाडीची पॉलिसी कोणत्या कंपनीची हेही माहीत नाही.

इद्दत मोडण्याची काही गरज नाही. कागद गोळा करायला दीर, भाऊ, वडील जाऊ शकतात. कोणताही एक वारस सर्वांच्या वतीने अर्ज करू शकतो. वकीलपत्र घरी आणून सही घेता येते. फार निकड पडली तर दिवसा बाहेर पडण्याची गुंजाइश फिकहमध्ये आहे, मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तरी हिट अँड रनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार मिळतात, तो अर्ज तहसीलमध्ये द्यायचा असतो.

त्या विद्यार्थ्याच्या आईने कागदावर सही केली नाही. दावा दाखल झाला आहे, तारखा पडत आहेत. कारवाल्याने आपल्या गाडीचा क्लेम केला, त्यातून त्याचे पंधरा हजार आणि वर सक्तीचे एक हजार गेले. जखमीच्या अर्जात या सोळा हजारांचा कुठे उल्लेखही नाही.